कुत्र्याचं पिल्लू हातपाय चावतं, काय करावं?

प्रश्न: पिल्लू ११ आठवड्यांचं आहे. खेळता खेळता हात, घोटे धरतं. ओरडलं की आणखी चेकाळतं. तोंड दाबून धरावं का?

उत्तर १: तोंड अजिबात दाबू नका, घाबरून ते जोरात चावायला शिकतं. हात झटकन मागे ओढणंही चुकीचंच. हलणारी वस्तू म्हणजे त्याच्यासाठी शिकार. दात लागले की हात सैल सोडा, खेळ थांबवा, १५-२० सेकंद पाठ फिरवा. मग चावायचं खेळणं पुढे करा, ते धरलं की लगेच शाबासकी. घरातल्या एकानेही हाताने मस्ती चालू ठेवली तर सगळं मुसळ केरात.

उत्तर २: झोप बघा आधी. या वयात दिवसाला १८-२० तास लागते. संध्याकाळी वेड्यासारखं चावत सुटणारं पिल्लू बहुतेकदा पेंगुळलेलं असतं.

उत्तर ३: दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यात पडू लागतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात. जाड सुती फडकं भिजवून, पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवा. चावताना समोर बसा, धागे सुटले की काढून घ्या. गिळले तर आतड्यात अडकतात.

उत्तर १: एक राहिलं. ताटलीजवळ अंग ताठ करून गुरगुरत असेल तर ती मस्ती नव्हे. पशुवैद्यांना दाखवा.