मेगा, मिली, मायक्रो, पिको… हॅमच्या (हौशी रेडिओच्या) परीक्षेसाठी हे डोक्यात कसं बसवायचं?

नवा_रिसीव्हर: नमस्कार मंडळी, हॅम लायसन्सच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडची तयारी करतोय, कॉमर्सवाला आहे. व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॅट कळले, पण प्रिफिक्स आले की सगळी शून्यं गडबडतात. वेव्हलेन्थसाठी 300 भागिले फ्रिक्वेन्सी असं सगळे सांगतात, मग प्रश्नात 7100 किलोहर्ट्झ दिलं असेल तर काय करायचं? आणि कपॅसिटरवर नुसतं 104 लिहिलेलं असतं ते काय असतं?

अँटेनावाला_पुणे: आधी 300 कुठून आला ते बघ, मग पाठ करायची गरजच नाही. रेडिओ लहरींचा वेग सेकंदाला साधारण 30 कोटी मीटर, आणि मेगा म्हणजे 10 लाख, वरची खालची सहा शून्यं कटली की 300 उरतो. म्हणजे खाली मेगाहर्ट्झच हवेत. 7100 किलोहर्ट्झ म्हणजे 7.1 मेगाहर्ट्झ, 300 भागिले 7.1, साधारण 42 मीटर, म्हणून तो 40 मीटर बँड. 145 मेगाहर्ट्झला 2.07 येतं, तो 2 मीटर बँड. हाफ वेव्ह डायपोलला (अर्ध्या वेव्हलेन्थच्या, मधून दोन भाग केलेल्या वायरच्या अँटेनाला) 300 च्या जागी 143 घेतात, 7.1 ला वायर साधारण 20 मीटर, दोन्ही बाजूंना 10-10. थोडी जास्तच काप, नंतर ट्रिम करता येते, कमी पडली तर जोड देत बसावं लागतं.

सोल्डरिंग_ताई: 104 मधे पहिले दोन आकडे तसेच, तिसरा म्हणजे पुढे किती शून्यं, आणि उत्तर पिकोफॅरडमधे. 10 वर चार शून्यं, म्हणजे 1 लाख पिको, हजाराने भागलं की 100 नॅनो, परत हजाराने भागलं की 0.1 मायक्रो. प्रत्येक पायरी हजाराची, दशांश चिन्ह तीन घरं सरकवायचं, बस. आणि कॅपिटल स्मॉल नीट बघत जा रे, स्मॉल एम मिली आणि कॅपिटल एम मेगा, दोघांत 100 कोटी पटीचा फरक आहे! किलोचा के मात्र स्मॉलच, कॅपिटल के म्हणजे केल्व्हिन.

अँटेनावाला_पुणे: ताईंनी सांगितलं त्यात डेसिबलची (डीबी, म्हणजे पॉवर किती पट ते सांगायचं माप) भर घालतो, कारण पुढे ते लागतंच. 3 डीबी म्हणजे पॉवर दुप्पट, 10 डीबी म्हणजे दहापट. डीबीएम असेल तर 1 मिलीवॅटच्या तुलनेत, म्हणजे 1 वॅट 30 डीबीएम, 10 वॅट 40, आणि 5 वॅटचा हँडी (हातातला रेडिओ) त्याच्या निम्मा म्हणून 37.

नवा_रिसीव्हर: बापरे, 300 चं कोणी असं सांगितलंच नव्हतं, खूप आभार! मग 102 म्हणजे 1000 पिको, म्हणजे 1 नॅनो, बरोबर ना?

सोल्डरिंग_ताई: बरोब्बर. आता 473 काढून दाखव, उत्तर मायक्रोमधे.

नवा_रिसीव्हर: 47000 पिको, 47 नॅनो, 0.047 मायक्रो.

सोल्डरिंग_ताई: 👍