चहानं तुमचं काय भलं केलं, काय बिघडवलं? खान्देशचे अनुभव

मे महिना, जळगावात पारा ४५ च्या घरात, आणि दुपारी चारला आम्ही टपरीवर. "एवढ्या उन्हात चहा?" असं विचारणारा माणूस बाहेरगावचा, हे इथे लगेच ओळखू येतं.

धागा काढायला कारण माझा रिपोर्ट. गेल्या वर्षी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.६ टक्के आली. गोड खात नाही, केळी सुद्धा मोजून खातो (जळगावात राहून हे सोपं नाही), मग साखर आली कुठून? डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला चहा किती? मी म्हटलं तीन-चार. घरी येऊन खरं मोजलं तर सात. घरचे दोन, दुकानावर तीन, आणि कोणाकडे गेलो की "अर्धा तरी घ्या". तो अर्धा कधीच अर्धा नसतो. कपाला दोन चमचे धरले तर १४ चमचे, म्हणजे साधारण ५६ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात वरून घातलेल्या साखरेची मर्यादा ५० ग्रॅमच्या आसपास धरते, जमलं तर २५ च्या आत म्हणते. माझा सगळा कोटा नुसत्या चहातच संपत होता.

आता घरचे दोन बिनसाखरेचे, बाहेर कोरा, तोही बिनसाखरेचा. पहिले पंधरा दिवस तोंड वाकडं झालं, मग सवय झाली. रिपोर्ट ६.९ आला. पण सोबत सकाळी चालायला लागलो होतो, त्यामुळे सगळं श्रेय चहाला देत नाही.

तुम्हीही लिहा. कोणता चहा, कधी घेता, काय फरक जाणवला. एकच विनंती: 'अमक्या चहानं तमका रोग मुळापासून गेला' छाप मजकूर नको, तो फोनवर रोज सकाळी येतोच.

भुसावळ, निवृत्त लोको पायलट

३४ वर्षं गाडी चालवली, त्यातली निम्मी रात्री. चहा नसता तर काय झालं असतं, देव जाणे. कॉफीनं छातीत धडधडायचं, चहानं नाही. मुलगी सांगते, चहात कॅफिन कॉफीच्या साधारण निम्मं असतं आणि थिआनिन नावाचा आणखी एक घटक असतो, त्यामुळे तरतरी जरा शांतपणे येते. असेल.

त्रास सुरू झाला निवृत्तीनंतर. ड्युटी सुटली, रात्रीचा चहा सुटेना. नऊला एक कप आणि दोन वाजता छताकडे बघत पडायचं. अंगात गेलेलं कॅफिन निम्मं उतरायला सुद्धा पाच-सहा तास घेतं, हे त्या वयात कळलं. आता संध्याकाळी पाचनंतर बंद. झोप पहिल्यासारखी नाही, पण येते.

दुसरी गोष्ट बशीची. आमचे आबा चहा बशीत ओतून फुंकून प्यायचे. नातवंडं हसायची, सुना पाहुण्यांसमोर बशी लपवायच्या. मी मात्र इंजिनात वाफाळता चहा घटाघटा पोटात ढकलायचो, पुढचा सिग्नल यायच्या आत. २०१६ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं ६५ अंशांपेक्षा गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात असं जाहीर केलं. दोष चहाचा नाही, चटक्याचा. मुलीनं ते वाचून दाखवलं आणि मी उठून आबांची बशी शोधली. आता माझी नातवंडं हसतात.

धडगाव परिसर, आशा कार्यकर्ती

माझा अनुभव चहाच्या फायद्याचा नाही, पण लिहिते, कारण माझ्या पाड्यांवर हेच जास्त आहे.

गरोदर बाईला आम्ही लाल गोळी देतो, लोहाची. १८० दिवस रोज एक. एका बाईचं हिमोग्लोबिन ८.२ होतं, दोन महिन्यांनी परत ८.४. मला वाटलं गोळ्या फेकते. आमच्याकडे बऱ्याच जणी फेकतात, मळमळतं म्हणून. ही शपथ घेऊन सांगे, रोज घेते. एकदा सकाळीच तिच्या घरी गेले, तर बाई कोऱ्या चहाच्या घोटासोबत गोळी गिळत होती. पाण्यानं कडू लागते म्हणे.

चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, आणि मग पोटात गेलेलं लोह रक्तापर्यंत नीट पोचत नाही. भाजी-भाकरीतल्या लोहाचंही तेच. कोरा असो नाहीतर दुधाचा, जेवणाला लागून चहा घेतला की नुकसान. मी तिला एवढंच सांगितलं: गोळी लिंबूपाण्यासोबत, आणि आधी-नंतर दोन तास चहा नाही. चहा सोड म्हटलं असतं तर तिनं मला सोडलं असतं. पुढच्या दोन महिन्यांत ९.९ झालं.

आमच्या भागात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) पण आहे, म्हणून गोळ्या आधी तपासणी करूनच. इथे वाचून कोणी स्वतःच्या मनानं सुरू करू नका.

धुळे, नोकरी करणारी मुलगी, वय २६

वजन कमी करायला ग्रीन टी. हसू नका, सगळ्यांनी केलंय.

पहिले दोन महिने आईनं तो नेहमीच्या चहासारखा भगोन्यात खळखळ उकळला. कडू विख! नंतर कळलं की ही पानं उकळायची नसतात. पाणी उकळून दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग पानं टाकायची, दोन-तीन मिनिटांत गाळायचं. आणि हेही तेव्हाच कळलं की ग्रीन टी आणि आपली चहापत्ती एकाच झाडाची. तोडल्याबरोबर गरम करून काळी पडू दिली नाहीत तर हिरवी, पूर्ण मुरू दिली तर काळी. मी समजत होते दोन वेगळी झाडं.

वजन? वर्षभरात दीड किलो. तेही बहुतेक संध्याकाळचं शेव-चिवड्याचं सुटलं म्हणून.

त्यापुढची चूक मोठी. जिममध्ये एकानं ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या, "चहाच आहे गं". दीड महिन्यानं भूक मेली, लघवी गडद, डोळे पिवळे. लिव्हरचे आकडे बघून डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "आणखी काय घेतेस?" कप आणि कॅप्सूल यांत फार अंतर आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलंय की पूरक गोळ्यांतून त्यातला मुख्य कॅटेचिन (चहाच्या पानातला एक घटक) दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेला तर यकृताला धोका संभवतो. कॅप्सूल बंद केल्यावर तीन महिन्यांत आकडे खाली आले. चहा अजून पिते, दुपारी, जेवणानंतर तासाभरानं. रिकाम्या पोटी जळजळतं.

पारोळा तालुका, प्राथमिक शिक्षक

थोडक्यात. माझ्या वर्गातली अर्धी मुलं सकाळी चहा-टोस्टवर येतात. आईबाप पहाटेच कापूस वेचायला गेलेले असतात. चहानं भूक मरते, ती मोठ्यांना सोयीची, पोरांना नाही. साडेदहाला पेंगायला लागतात. "काय खाल्लं रे?" तर "चहा". जणू चहा खाण्यातच मोडतो.

शिरपूर, शेतकरी

आमच्या बांधाला लाल अंबाडी असते. पाल्याची भाजी अन् कळण्याची भाकर सगळ्या खान्देशाला माहीत, लाल बोंडांची चटणीही होते. त्याच बोंडांच्या पाकळ्या वाळवून चहा करतात हे मला भाच्यानं सांगितलं. परदेशात हिबिस्कस म्हणून महाग विकतात म्हणे, ती आमची बांधावरची अंबाडी!

माझा बीपी १४६ च्या आसपास. भाच्यानं अमेरिकेतल्या एका अभ्यासाचं सांगितलं, २०१० चा. किंचित वाढलेला बीपी असलेल्या ६५ जणांवर, रोज तीन कप, सहा आठवडे. वरचा आकडा सरासरी सातनं उतरला, नुसतं तशाच चवीचं पाणी पिणाऱ्यांचा एकानं. मी दोन कप घेतो, चिमूटभर पाकळ्या गरम पाण्यात, आंबट लागतो. आता १३६-१३८ असतो. पण गोळी चालूच आहे. डॉक्टर म्हणाले, नाना, चहा प्या, पण गोळी तुमच्या मनानं सोडली तर माझ्याकडे येऊ नका.

अमळनेर, गृहिणी

दारात गवती चहा, कुंडीत तुळस, फडताळात सुंठ. सासूबाईंचं म्हणणं, सर्दी यानंच जाते. माझं म्हणणं, सर्दी आठवड्यात जातेच, यानं घसा शेकला जातो एवढंच. दोघी आपापल्या जागी ठाम. आल्याचं मात्र मान्य. दुसऱ्या वेळी दिवस होते तेव्हा मळमळीवर आल्याच्या पाण्यासारखं दुसरं काही लागू पडलं नाही.

२०२० मध्ये आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ यांचा काढा दिवसातून एकदा-दोनदा घ्या म्हटलं होतं. आमच्या घरी पाच वेळा झाला. पंधरा दिवसांत मिस्टरांचं तोंड आलं, पोटात आग. प्रमाणाचा कागद कोणी वाचलाच नाही.

जळगाव, धागा काढणारा

शिरपूरच्या नानांचं वाचून मीही अंबाडीची बोंडं आणली. आईला दिला कप, वय ७८. एक घोट घेऊन कप बाजूला सारला. "हाऊ काय चहा शे? हाई ते पाला उकाळेल पानी शे!" आणि सुनेला तिचा नेहमीचा टाकायला सांगितला, दूध जास्त, साखर दोन चमचे, गेली साठ वर्षं तसाच.

मागच्या महिन्यात तिची उपाशीपोटी साखर तपासली. ९४, एकदम नॉर्मल.