आमचं काम शेंगा चटणीने केलं

भाषा येत नसेल तर परदेशात तिथल्या लोकांशी बोलायचं कसं, असं वर विचारलंय. आम्हा सोलापूरकरांचं काम शेंगा चटणीने केलं! हनोईत होमस्टेला उतरलो होतो. तिथल्या आजी सकाळी चिकट भातावर शेंगदाणे-तिळाचं मीठ घालून द्यायच्या. 'मुओई वुंग' म्हणतात त्याला. सासूबाईंनी चाखलं आणि तडक पिशवीतून लालभडक चटणी काढली. आजींच्या डोळ्यांत पाणी, पण वाटी काही सोडेनात. मग दोघी खलबत्त्यापाशी बसल्या, एक मराठीत, एक व्हिएतनामीत. (मोबाइलवरचं भाषांतर कुणी उघडलंसुद्धा नाही.) हॉटेलात राहिलो असतो तर हे कुठलं घडायला? निघताना सोलापुरी टॉवेल दिला, तो आजींनी लगेच खांद्यावर टाकला.