एडिसनजवळ मेडिकेअर आणि एनजे फॅमिलीकेअर घेणारा पीए कसा शोधावा?

ओकट्री_रोड
सासरे ७१ वर्षांचे आहेत. ग्रीनकार्डाला पाच वर्षं होऊन गेली. ओरिजिनल मेडिकेअरचे (केंद्र सरकारचा ज्येष्ठांचा विमा) ए म्हणजे हॉस्पिटलचा आणि बी म्हणजे डॉक्टरांचा असे दोन्ही भाग आहेत, जोडीला कमी उत्पन्नवाल्यांचं न्यू जर्सीचं मेडिकेड म्हणजे एनजे फॅमिलीकेअर. मधुमेह आणि रक्तदाब आहे, इंग्रजी कामापुरतंच. डॉक्टरांची वेळ फार लांबची मिळते, फिजिशियन असिस्टंटची म्हणजे पीएची लवकर मिळते असं कळतं. दोन्ही कार्डं चालतील असा पीए कसा शोधायचा? आणि नेहमीच्या मधुमेहासाठी पीए पुरेसा आहे का?

दावे_आणि_कोड
पुरेसा आहे. पीए तपासतो, रक्ताच्या चाचण्या लिहितो, औषधं देतो, इन्सुलिनचा डोस बदलतो. फक्त पीए आणि एमए यांत गल्लत करू नका. एमए म्हणजे मेडिकल असिस्टंट. तो वजन-बीपी घेतो, निदान करत नाही. पीएच्या नावापुढे ‘पीए-सी’ असतं. त्याचा परवाना राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्स विभागाच्या साइटवर नावाने तपासता येतो.

आता कार्डांचं. दोन्ही कार्डांचे नियम वेगळे, म्हणून शोधही दोनदा करायचा.

ओरिजिनल मेडिकेअरला नेटवर्क, म्हणजे ठरावीक डॉक्टरांची यादी, नसतं. पीए मेडिकेअरमध्ये नोंदलेला असला की झालं. मेडिकेअरच्या साइटवर ‘केअर कम्पेअर’मध्ये पिनकोड टाकून पीए निवडा. पीएला मेडिकेअरचा ठरलेला दर मान्य करावाच लागतो, वर जादा लावता येत नाही. तो दरही डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के असतो, म्हणजे आपल्या वाट्याचे २० टक्केही त्या कमी रकमेवरच निघतात. २०२२ पासून पीएला मेडिकेअरचं बिल स्वतःच्या नावाने थेट लावता येतं.

मेडिकेडचं मात्र तसं नाही. न्यू जर्सीत ते खासगी प्लॅनमार्फत चालतं: एटना बेटर हेल्थ, फिडेलिस केअर, होरायझन एनजे हेल्थ, युनायटेडहेल्थकेअर कम्युनिटी प्लॅन, वेलपॉइंट. सासऱ्यांच्या कार्डावर यातलं कोणतं नाव आहे ते आधी बघा. दवाखान्याला नुसतं ‘मेडिकेड घेता का?’ विचारलं तर उत्तर हमखास चुकीचं मिळतं. ‘होरायझन घेता का?’ विचारलंत तर ‘हो’ म्हणतील, पण तो ‘हो’ नोकरदारांच्या होरायझन विम्यासाठी असतो. होरायझन एनजे हेल्थचं नेटवर्क निराळं आहे. म्हणून प्लॅनचं पूर्ण नाव कार्डावरून जसंच्या तसं वाचून दाखवा.

रारिटनकाठी
यादीत पीए सापडत नाही म्हणून लोक हात टेकतात. बऱ्याच प्लॅनच्या याद्यांत फक्त देखरेख करणाऱ्या डॉक्टरांचं नाव असतं, पीए त्यांच्याखाली झाकला जातो. म्हणून दवाखाना शोधा, मग तिथे पीए कोण आहेत ते विचारा. उलट्या दिशेनेही जमतं: एनपीआय रजिस्ट्रीत (डॉक्टर, पीए वगैरेंच्या ओळख क्रमांकांची सरकारी ऑनलाइन यादी) गाव आणि ‘फिजिशियन असिस्टंट’ टाकलं की नाव, पत्ता आणि दहा आकडी एनपीआय क्रमांक येतो. तो क्रमांक प्लॅनच्या मेंबर सर्व्हिसेसला सांगून नेटवर्क तपासून घ्यायचं. रजिस्ट्रीतला पत्ता जुना असू शकतो, तेवढं ध्यानात ठेवा.

ओकट्री_रोड
फोनवर नेमकं काय विचारू?

दावे_आणि_कोड
या क्रमाने विचारा:

१. कार्डावरच्या पूर्ण नावाचा प्लॅन या पत्त्यावर चालतो का? एकाच ग्रुपच्या दोन शाखांपैकी एकीतच चालतो, असं सर्रास असतं.
२. या पीएकडे मेडिकेअर पहिला आणि मेडिकेड दुसरा असलेला नवा पेशंट घेता का?
३. बिल कोणाच्या नावाने जाईल, पीएच्या की डॉक्टरांच्या? नवा पेशंट किंवा नवी तक्रार असेल तर मेडिकेअरच्या नियमाने ते डॉक्टरांच्या नावावर घालता येत नाही. तेव्हा पीएची स्वतःची नोंदणी हवीच. नव्याने रुजू झालेल्या पीएची प्लॅनकडची नोंदणी पुरी व्हायला काही महिने जातात, आणि दावे नाकारले जातात ते बहुतेक त्याच काळातले.
४. ज्याच्याशी बोललात त्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा.

मेडिकेडच्या कार्डावर प्रायमरी डॉक्टर म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव छापलेलं असेल तर भेटीआधी मेंबर सर्व्हिसेसला फोन करून ते बदला आणि बदल कोणत्या तारखेपासून लागू होतो तेही विचारा.

मिडलसेक्स_०८८
सासरे ‘क्यूएमबी’ (क्वालिफाइड मेडिकेअर बेनिफिशियरी, म्हणजे ज्यांच्या वाट्याचा मेडिकेअरचा खर्च मेडिकेड उचलतं असे कमी उत्पन्नाचे लोक) आहेत का, ते काउंटीच्या सोशल सर्व्हिसेसकडून नक्की करून घ्या. तसे असतील तर मेडिकेअर घेणाऱ्या कुणालाही त्यांच्याकडून २० टक्के किंवा डिडक्टिबल मागता येत नाही, मग तो दवाखाना मेडिकेड घेवो न घेवो. केंद्राचा कायदाच तसा आहे. तरी बिल आलं तर भरू नका. मेडिकेअरकडून येणाऱ्या समरी नोटिशीत क्यूएमबीची नोंद असते, ती दाखवा. ऐकलं नाही तर १-८००-६३३-४२२७ वर तक्रार. हा हक्क आपल्या ज्येष्ठांना कुणी सांगतच नाही, आणि ती माणसं भीतीपोटी मुकाट्याने पैसे भरतात. फार वाईट वाटतं.

रारिटनकाठी
नावं हवीत तर आधी कम्युनिटी हेल्थ सेंटर बघा. न्यू ब्रन्स्विकला एरिक बी. चँडलर, पर्थ अँबॉयला ज्यूइश रिनेसान्स. अशा केंद्रांत मेडिकेअर-मेडिकेड दोन्ही चालतात आणि विमा नसलेल्यांना उत्पन्नानुसार फी लागते. पीए आणि नर्स प्रॅक्टिशनर (पीएसारखंच तपासून औषधं लिहिणारी जादा शिकलेली नर्स) तिथे बरेच असतात. नर्स प्रॅक्टिशनरचाही विचार करा, मेडिकेअरचा दर तोच.

ओकट्री_रोड
भाषेचं काय? दर वेळी सुट्टी काढून सोबत जाणं जमणार नाही.

भाषांतर_सेवा
मेडिकेअर-मेडिकेडचे पैसे घेणाऱ्या दवाखान्याने दुभाषी मोफत द्यायचा असतो. वेळ ठरवतानाच ‘मराठी दुभाषी हवा’ असं सांगून नोंद करून घ्या. ‘इंडियन’ किंवा ‘हिंदी चालेल’ म्हणू नका, मग हिंदीच मिळते आणि ‘पोटात कालवतंय’, ‘पायाला मुंग्या येतात’ अशा तक्रारींतला बारकावा हरवतो. मधुमेहात पायाच्या मुंग्या ही महत्त्वाची खूण आहे. दुभाषी बहुधा फोनवर असतो, म्हणून स्पीकर सासऱ्यांच्या बाजूला ठेवायला सांगा. नातवंडांना दुभाषी करू नका. तातडीचा प्रसंग सोडला तर अल्पवयीन मुलांकडून दवाखान्यानेही ते काम करून घ्यायचं नसतं.

दावे_आणि_कोड
दोन गोष्टी राहिल्या. मधुमेहाचे खास बूट मेडिकेअरवर हवे असतील तर प्रमाणपत्रासाठी मधुमेह सांभाळणाऱ्या डॉक्टरांची सही लागते, एकट्या पीएच्या सहीवर दावा नाकारला जाऊ शकतो. घरी येणाऱ्या नर्सची सेवा मात्र २०२० पासून पीए लिहून देऊ शकतो.

आणि वार्षिक ‘वेलनेस व्हिजिट’ फुकट असते, पण ती संपूर्ण तपासणी नव्हे. त्याच भेटीत गुडघेदुखी काढली की वेगळी भेट म्हणून बिल लागतं. क्यूएमबी नसलेल्यांना ते जाणवतं.

मिडलसेक्स_०८८
कुणी ‘दोन्ही कार्डांचं एकच कार्ड करून देतो’ असं म्हणत ड्युअल प्लॅन (मेडिकेअर-मेडिकेड दोन्ही एकत्र चालवणारा खासगी प्लॅन) गळ्यात मारायला आलं, तर सही करण्याआधी ठरलेला पीए त्या नेटवर्कमध्ये आहे का ते बघा. ओरिजिनल मेडिकेअरची मोकळीक तिथे संपते. मेडिकेअरबद्दल सल्ला देणारी राज्याची ‘शिप’ सेवा मोफत आहे: १-८००-७९२-८८२०.

ओकट्री_रोड
कार्ड पाहिलं, होरायझन एनजे हेल्थ आहे. प्रायमरीच्या जागी भलत्याच गावच्या डॉक्टरांचं नाव आहे. सोमवारी आधी ते बदलते, मग न्यू ब्रन्स्विकला फोन करते.