टॅक्स ऑफिसच्या वेबसाइटवरच्या फोटोबद्दल नोटीस आली आहे, कुणाला अनुभव?

प्रेषक: मृणाल

नमस्कार मंडळी,

माझ्या अमेरिकेतल्या टॅक्सच्या ऑफिसला एका फोटो एजन्सीचं पत्र आलंय. आमच्या वेबसाइटच्या एका जुन्या पानावर कॅल्क्युलेटर आणि कागदपत्रांचा फोटो आहे, तो विनापरवाना वापरला असं त्यांचं म्हणणं. सोबत पानाचा स्क्रीनशॉट, चार आकडी डॉलरची रक्कम आणि मुदत. मुदतीत पैसे आले नाहीत तर प्रकरण वकिलांकडे जाईल म्हणे.

साइट ज्याने बनवली तो आता फोन उचलत नाही. फोटो टेम्प्लेटमधून आला की गूगलवरून उचलला, सांगणार कोण? घरचे म्हणतात भरून टाक आणि सुट. टॅक्स सीझन तोंडावर आहे, मलाही तेच वाटायला लागलंय. तुमच्यापैकी कुणी यातून गेलंय का?

मृणाल

प्रेषक: दिगंबर

मृणाल, एक छदाम देऊ नकोस! सरळ केराच्या टोपलीत टाक. या लोकांचा धंदाच हा आहे. सॉफ्टवेअर रात्रंदिवस इंटरनेट चाळत असतं, चित्र जुळलं की छापील पत्र रवाना. कॅरल हायस्मिथ या छायाचित्रकार बाईंचं प्रकरण शोधून वाच. त्यांनी आपले हजारो फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेस या सरकारी ग्रंथालयाला लोकांसाठी फुकट दिले, आणि त्यांनाच स्वतःच्या फोटोसाठी 120 डॉलरची मागणी आली! बाईंनी 2016 मध्ये गेटी ही फोटो एजन्सी आणि इतरांवर 1 अब्ज डॉलरचा दावा ठोकला. याला म्हणतात उत्तर.

दिगंबरकाका

प्रेषक: वैशाली

मृणाल, टोपलीत टाकू नकोस आणि चेकही लिहू नकोस.

काका, हायस्मिथबाईंची गोष्ट खरी, पण तिचा शेवटही सांगायला हवा. फोटो सर्वांना मोकळे करून टाकल्यावर त्यांवर बाईंचा कॉपीराइट उरला नाही, म्हणून कोर्टाने त्यांचे कॉपीराइटचे दावे काढून टाकले. बाकीचं तडजोडीत मिटलं. तो अब्ज कुणी पाहिला नाही.

आता कामाचं. मी वकील असले तरी तुझी वकील नाही, हे आधी लिहून ठेवते. ही माहिती समज, सल्ला नव्हे.

एजन्सीचं पत्र म्हणजे कोर्टाचं समन्स नव्हे. पण 'मला माहीत नव्हतं' हा बचावही चालत नाही. फोटो डिझायनरने लावला तरी साइट तुझी, जबाबदारी तुझी. अजाणतेपणाने फार तर रक्कम कमी होते.

रक्कम ठरते ती एका गोष्टीवर: फोटोची यूएस कॉपीराइट ऑफिसात नोंदणी आहे का, आणि कधीची. पत्रात 1,50,000 डॉलरचा आकडा ठळक छापला असेल. तो जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाचा वरचा टप्पा. एरवी वैधानिक भरपाई, म्हणजे नुकसान सिद्ध न करताही कायद्याने ठरवून दिलेली रक्कम, एका फोटोमागे 750 ते 30,000, आणि अजाणतेपण सिद्ध झालं तर कोर्ट 200 पर्यंत खाली येऊ शकतं. पण फोटो तुझ्या साइटवर चढण्याआधी, किंवा पहिल्या प्रकाशनापासून तीन महिन्यांत, नोंदणी झालेली नसेल तर कॉपीराइट कायद्याचं कलम 412 आडवं येतं. मग फेडरल कोर्टात वैधानिक भरपाई नाही आणि त्यांच्या वकिलाची फीही नाही. उरतं प्रत्यक्ष नुकसान, म्हणजे बहुतेक वेळा त्या फोटोच्या लायसन्सची बाजारातली किंमत, आणि त्या फोटोमुळे तुला झालेला नफा. कॅल्क्युलेटरच्या फोटोमुळे किती जण रिटर्न भरायला आले, ते त्यांनी दाखवून द्यावं.

अमेरिकन फोटोसाठी नोंदणीशिवाय खटलाही उभा राहत नाही. अर्ज नुसता टाकून भागत नाही, कॉपीराइट ऑफिसचा निर्णय झालेला लागतो, असं सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये सांगितलं.

दुसरा प्रश्न, पत्र पाठवणारा आहे कोण? खटला भरता येतो फक्त मालकाला किंवा ज्याच्याकडे अनन्य हक्क आहे त्याला. लास व्हेगासच्या राइटहेवन या कंपनीने वर्तमानपत्रांच्या मजकुरावरून छोट्या ब्लॉगवाल्यांवर ढीगभर दावे लावले होते. काही जण घाबरले नाहीत, करार कोर्टापुढे आणायला लावले. त्यातून दिसलं की कंपनीकडे नुसता दावा लावायचा हक्क होता, मालकी नव्हतीच. 2011 पासून दावे कोसळले, वर समोरच्याच्या वकिलाची फीही त्यांच्या गळ्यात पडली. फी जिंकणाऱ्या प्रतिवादीलाही मिळू शकते, ते 1994 च्या फोगर्टी खटल्यापासून पक्कं आहे.

तेव्हा नोंदणी क्रमांक, नोंदणीची तारीख, मालकीचा कागद आणि या फोटोची नेहमीची लायसन्स फी लेखी माग. तोवर फोटो उतरव, पण आधी पानाचे स्क्रीनशॉट आणि डिझायनरची बिलं जपून ठेव. आणि तुझ्या बिझनेस इन्शुरन्समध्ये 'अ‍ॅडव्हर्टायझिंग इंज्युरी' (जाहिरातीवरून होणाऱ्या दाव्यांचं संरक्षण) आहे का बघ. असेल तर पैसे भरण्याआधी विमा कंपनीला कळवायला हवं. हे कुणालाच आठवत नाही.

अजून एक. उद्या 'कॉपीराइट क्लेम्स बोर्ड'ची नोटीस केस नंबरासकट हातात पडली, तर ती मात्र खरी समजायची. हे 2022 पासून चालू झालेलं छोट्या दाव्यांचं व्यासपीठ. तिथे नोंदणी उशिराची असली तरी एका फोटोमागे 7,500 पर्यंत वैधानिक भरपाई मिळू शकते. 60 दिवसांत 'मला इथे यायचं नाही' असं कळवता येतं, मग दावेदाराला फेडरल कोर्टाची पायरी चढावी लागते. गप्प बसलीस तर एकतर्फी निकाल.

वैशाली

प्रेषक: समीर

लग्नाचे आणि कार्यक्रमांचे फोटो काढून पोट भरणारा माणूस म्हणून जरा वेगळं बोलतो. माझा फोटो एका हॉलवाल्याने जाहिरातीत वापरला, नाव कापून. विचारलं तर म्हणे, 'इंटरनेटवर होता.' माझ्याकडे वकील नाही, एजन्सीच पत्र लिहिते. त्यामुळे 'धंदाच हा आहे' हे सरसकट नको, काका.

मृणालला मात्र एवढंच सांगेन, की अशा साध्या फोटोचं लायसन्स अनेकदा थोडक्या डॉलरांत मिळतं. तोच फोटो त्यांच्या साइटवर शोध, आजची किंमत दिसते तिचा स्क्रीनशॉट घे. घासाघीस तिथून सुरू कर. आणि देणं निघालं तर ते दे.

समीर

प्रेषक: दिगंबर

समीर, तुझं वेगळं रे. पण त्या कॅल्क्युलेटरचा फोटो काढणाऱ्याला यातले किती मिळणार, तेही विचार त्यांना.

प्रेषक: मृणाल

सगळ्यांचे आभार. फोटो उतरवला. कॉपीराइट ऑफिसच्या साइटवर शोधलं, शीर्षकाने काही सापडत नाही. उत्तराचा मसुदा असा: 'आमच्याकडून अनवधानाने चूक झाली, क्षमस्व. सद्भावनेने आम्ही 200 डॉलर देऊ इच्छितो. कृपया नोंदणीचा तपशील कळवावा.' वैशालीताई, ठीक आहे का?

प्रेषक: वैशाली

पहिली दोन वाक्यं काढ. चूक आत्ताच कबूल करू नकोस, आणि त्यांचे कागद आल्याशिवाय आकडा बोलू नकोस. तिसरं वाक्य पहिलं कर आणि मालकीचा मुद्दा त्यात घाल. शीर्षकाने सापडलं नाही म्हणजे नोंदणी नाहीच असं समजू नकोस. एजन्सीचे फोटो पुष्कळदा गठ्ठ्याने, एकाच नावाखाली नोंदलेले असतात. म्हणून क्रमांक त्यांच्याकडूनच यायला हवा.

मुदतीच्या आत ईमेलने पाठव. पुढे तडजोड झालीच तर करारात एजन्सी आणि फोटोचा मालक दोघांनीही या फोटोच्या आजवरच्या सगळ्या वापराबद्दलचा दावा सोडला असं यायला हवं, नाहीतर पैसे एकाला देशील आणि दुसरा दारात उभा राहील. त्यांचं उत्तर आलं की मला वेगळी मेल कर. यादीवर टाकू नकोस, इथे तीनशे लोक वाचतात.

वैशाली