‘प्रिसिजन’ला ‘अचूकता’ चालेल का?

प्रश्न (राजारामपुरी): माझ्या प्रबंधात एका शोधयंत्रणेच्या दृश्य पडद्याचं मूल्यमापन आहे. यादीऐवजी नोंदींचे ठिपके दिसतात, ते गाळत गाळत शोधायचं. ‘प्रिसिजन’ला ‘अचूकता’ लिहू का? आणि ‘रिकॉल’ला काय? ‘आठवण’ लिहिलं तर लोक हसतील.

ग्रंथपाल, शिवाजी पेठ: ‘अचूकता’ नको, ताई. ती ‘ॲक्युरसी’साठी ठेवा, जी इथं कुचकामी आहे. समजा, 10,000 नोंदींपैकी 30 राधानगरी धरणाच्या बांधकामाच्या आहेत. काहीच न दाखवणारी यंत्रणासुद्धा उरलेल्या 9,970 बरोबर वगळते, म्हणजे अचूकता 99.7 टक्के! आता पडद्यावर 20 आल्या. 15 धरणाच्या, 5 अभयारण्यातल्या गव्यांच्या. दिसलेल्या 20 पैकी 15 कामाच्या, म्हणजे प्रिसिजन 75 टक्के; कामाच्या 30 पैकी 15 मिळाल्या, म्हणजे रिकॉल 50. पहिल्याला ‘नेमकेपणा’ म्हणा, दुसऱ्याला ‘व्याप्ती’.

प्रतिसाद: ‘व्याप्ती’ म्हटलं की विषयाचा आवाका वाटतो. ‘मिळकत’ कसं?

ग्रंथपाल: मिळकत म्हटलं की घरफाळा आठवतो, भावा. ‘रिकॉल’च राहू दे की, व्याख्या एकदा नीट द्यायची. खरी गोची पुढं आहे. ही मापं रुळली ती 1960च्या दशकात इंग्लंडमध्ये झालेल्या, शोधपद्धती तपासणाऱ्या क्रॅनफिल्ड प्रयोगांमुळं. तिथं प्रश्न ठरलेले, कामाचे कागद कोणते तेही ठरलेलं. दृश्य पडद्यावर माणूस बघता बघता प्रश्नच बदलतो. शिवाय संगणकाच्या पडद्यांचे अभ्यासक बेन श्नायडरमन यांनी 1996 मध्ये मांडलेला क्रम बघा: आधी आढावा, मग झूम आणि गाळणी, तपशील मागितल्यावर. आढाव्यात 300 ठिपके असले आणि त्यांत ते 30च्या 30 असले, तरी नेमकेपणा 10 टक्केच. पडदा वाईट म्हणून नव्हे, आढावा द्यायचं त्याचं कामच ते! म्हणून ‘मिळालं’ हा शब्द मोघम सोडू नका. पडद्यावर ‘दिसलं’, क्लिक करून ‘उघडलं’ आणि कामाचं म्हणून ‘ठेवलं’, तिन्ही वेगळं मोजा. आपल्याकडं ‘गावलं’ म्हणतात ते या तिसऱ्याला. नुसतं दिसलेलं कुणी गावलं म्हणत नाही.

प्रश्नकर्ती: आणि वेळ?

ग्रंथपाल: काम सांगून झाल्यापासून शेवटची नोंद ठेवेपर्यंत. पण जास्त वेळ म्हणजे वाईट, असं सरसकट धरू नका. कुणी अडकलेला असतो, कुणी रमलेला. घड्याळाला दोघं सारखेच, म्हणून शेजारी बसून बघावं लागतं.