साडी सुटली, कुर्ती आली: नवऱ्याने बोलावं का?

काठपदर:
लग्नाला ३१ वर्षं झाली. सुरुवातीला हिची रोज सहावारी, चापूनचोपून. मग नोकरीसाठी पंजाबी ड्रेस, घरात गाऊन. आता दोन वर्षं नुसती कुर्ती-पलाझो, लग्नकार्यालासुद्धा. माझ्या आईची इरकल कपाटात पडून आहे. घड्या मोडायला कुणी नाही, रेशमी पदर घडीवर चिरायला लागलाय. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या आवडीला थोडा तरी मान असावा की नाही?

तिखटमीठ:
आजोबा धोतर, वडील लेंगा, तुम्ही जीन्स. दोन पिढ्यांत पुरुषांचा अख्खा पेहराव पालटला, आजीला कुणी विचारलं? आणि सहावारी तरी कुठली सनातन! नऊवारी सुटली तेव्हाही घराघरांत हीच कुरकुर झाली होती.

जुना चष्मा:
अहो, लगेच अंगावर कशाला येता? त्यांनी सक्ती थोडीच केलीय. मी मिशा काढल्या तेव्हा बायको दोन दिवस बोलली नव्हती. तिचा तेवढा हक्क होताच. रोज ज्याचं तोंड बघायचं त्याच्याबद्दल मत असणारच.

नाडी:
मत असू द्या, पण परकर कुणाच्या कमरेला? ३४ वर्षं साडी नेसले. नाडीचा काळा वळ अजून आहे, उन्हाळ्यात घामाने तिथलं साल निघायचं. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात दोन बायकांची नोंद केली: नाडीच्याच जागी न भरणारी जखम, तिचा पुढे कातडीचा कर्करोग. सगळ्यांना होत नाही, घाबरू नका. पण त्यात पाळी जायची वर्षं, अंगातून नुसत्या वाफा. साडी गुंडाळून ओट्याशी तासभर उभं राहून बघा.

जुना चष्मा:
नाडी सैल बांधता येते की.

नाडी:
सैल बांधली की निऱ्या सुटतात. नेसा एकदा, मग बोलू.

काठपदर:
हे सगळं हिला वाचून दाखवलं. म्हणाली, "निवृत्त झाल्यापासून तुम्ही दिवसभर बर्मुडा आणि भोकं पडलेलं बनियन घालून बसता. मी कुठे त्यावर असा चर्चेचा धागा काढला?" मग इरकल पंख्याखाली पसरली. चिरलेला पदर काढून टाकून उरलेल्यातून कुर्ती शिवायची म्हणते. मला अजून पटलेलं नाही. पण शिंप्याकडे मलाच पाठवलंय.